वरचा मजला, दार सोडून

आमचा वरचा मजला तयार झाला. भिंती रंगल्या, नळांना पाणी आलं, ओट्याच्या काळ्या दगडात पाहून भांग पाडता येईल इतकी त्याला चकाकी आली. मग बघायला आलेल्या पहिल्याच गृहस्थांनी सगळं पाहून झाल्यावर अगदी सहज विचारलं, "छान आहे. आम्ही यायचं-जायचं कुठून?"

मी बायकोकडे पाहिलं. बायकोने मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री एक शेवटचा स्क्रू पिळायला आला होता, त्याने स्क्रूकडे पाहिलं.

हा प्रश्न समजायला आमचं घर डोळ्यांपुढे आणावं लागेल. शहराच्या सगळ्यात जुन्या वस्तीतली आमची गल्ली. इथली घरं एकमेकांना खांदा लावून उभी आहेत. मधून वारा जायला जागा नाही, तिथे माणूस कुठून जाणार? प्रत्येक घर अरुंद आणि उंच, आणि रस्त्यावर उघडणारं दार एकच. ते उघडलं की थेट आमची बैठकीची खोली. खोलीच्या पलीकडच्या टोकाला, माझ्या खुर्चीला लागून, लाकडी जिना. तो वर जातो. वर जायला दुसरी वाट नाही, आणि असावी असं आम्हाला उभ्या आयुष्यात वाटलं नाही, कारण वर राहणारेही आम्हीच होतो.

म्हणजे आमचा भाडेकरू सकाळी निघाला की माझ्या पसरलेल्या वर्तमानपत्रावरून उडी मारून जाणार, आणि संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन आमच्या हिच्या निवडलेल्या तांदळाच्या ताटाला वळसा घालून वर चढणार. त्याच्याकडे पाहुणे आले तर ते आधी आम्हाला भेटणार. त्याचं आणि त्याच्या बायकोचं भांडण झालं, आणि ती रागारागाने घर सोडून निघाली, तर तिला आधी आमच्या दोघांच्या मधून जावं लागणार.

"एवढं काम काढलंत आणि हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?" असं त्या गृहस्थांनी विचारलं नाही. सभ्य होते. पण गल्लीने विचारलं, अजूनही विचारते, म्हणून एकदाचा खुलासा करून टाकतो.

काम सुरू व्हायच्या आधी आमच्या हिने एकच अट घातली होती. "माझ्या बैठकीच्या खोलीतून सिमेंटचा पाय जाता कामा नये." मिस्त्रीने मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी घराच्या दर्शनी बाजूला परांची बांधून तिला शिडी लावली. वरची मोठी खिडकी चौकटीसकट काढून ठेवली. त्या दिवसापासून विटा, वाळू, फरश्या, वॉशबेसिन, गवंडी, प्लंबर, सगळे खिडकीतून आत आणि खिडकीतून बाहेर. मीसुद्धा. सुरुवातीला शिडीवर माझे पाय लटपटत. पुढे मी एका हातात चहाची किटली घेऊन चढू लागलो. वारसा जतन कार्यालयाच्या बाई तपासणीला आल्या, त्याही हातातली फाइल दातांत धरून परांचीवरूनच चढल्या. आणि आतला जिना? धूळ बसू नये म्हणून हिने त्याच्यावर जुन्या चादरी टाकून ठेवल्या होत्या. महिनोन्‌महिने झाकून ठेवलेली वस्तू माणूस विसरतो. आम्ही जिना विसरलो. काम संपलं, परांची उतरली, खिडकी बसली, चादरी निघाल्या, तेव्हा जिना जिथे होता तिथेच होता.

आता सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं, कारण वरचा मजला भाड्याने देणं ही काही हौस नव्हती. मुलगा दूरच्या शहरात असतो, नवव्या मजल्यावर. "दोघंच तिथे काय करता, इकडे या," असं तो दर फोनला म्हणे, आणि आमची ही 'नाही' म्हणायची बंद झाली होती. मला जायचं नव्हतं. माझी गल्ली, माझी खुर्ची आणि गल्लीच्या टोकाच्या देवळात संध्याकाळचं कीर्तन, यांत माझा दिवस भरून जातो. नवव्या मजल्यावर देव असेलच, तो सगळीकडे आहे. पण बुवा नसतात.

शेवटी हिने निकाल दिला. "वर कुणी राहायला आलं तर इथेच राहू. मुलगा सुट्टीत येईल तोवर मजला रिकामाच असला तर सामान बांधायचं, घराला कुलूप लावायचं आणि त्याच्याबरोबर जायचं. मग मला 'बघू, बघू' सांगायचं नाही."

का, ते मी विचारलं नाही. मला वाटलं वरच्या खोल्यांचा केर काढून तिचे गुडघे दुखत असतील. बायकोच्या बोलण्याचं कारण शोधायला निघालेला नवरा बहुधा गुडघ्यापाशीच थांबतो.

तर, ते पहिले गृहस्थ 'कळवतो' म्हणून गेले आणि त्यांच्या मागोमाग गल्लीचा सल्ला आत शिरला.

सल्ल्याचे मुख्य धनी म्हणजे समोरच्या घरातले निवृत्त मुख्याध्यापक. सगळी गल्ली त्यांना पर्यवेक्षक म्हणते, कारण हात मागे बांधून, परीक्षेच्या वर्गातून फिरावं तसे ते गल्लीतून फिरतात, आणि कुणाच्या घरात काय चाललंय ते वाकून पाहतात. ते आले, त्यांनी जिन्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि पेपर अवघड नाही अशा थाटात म्हणाले, "हे बघा, दर्शनी भिंतीत दुसरं दार काढा. विषय संपला."

"बरोबर," मिस्त्री म्हणाला, "दार काढू."

"काढू दार," प्लंबर म्हणाला. या प्लंबरचं काम केव्हाच संपलं होतं, पण त्याला मिस्त्रीच्या मागे उभं राहून त्याच्या वाक्याचा शेवट उचलायची सवय होती. चांगल्या बुवांच्या मागे साथीदार ध्रुपद उचलून धरतात ना, तसं. फरक इतकाच, की बुवांचं ध्रुपद कुठेतरी पोहोचतं.

मी वारसा कार्यालयात गेलो. परांचीवर चढलेल्या त्याच बाई टेबलापलीकडे होत्या.

"दर्शनी भागाला हात लावता येत नाही," त्या म्हणाल्या. "खिडकी ती खिडकी आणि भिंत ती भिंत. पण तुम्हाला दार कशाला हवंय? मी स्वतः वर येऊन सगळं पाहून गेले. उत्तम काम आहे."

"हो, पण आपण वर आलात कुठून?"

बाई आठवू लागल्या. आठवल्यावर त्यांनी फाइल मिटली.

"परांची तात्पुरती रचना म्हणून मंजूर होती."

"ती कायम ठेवता आली तर?"

"तात्पुरती रचना कायम ठेवता येत नाही. कायमची रचना तात्पुरती ठेवता येते, पण तो विभाग वेगळा आहे."

"मग आतून भिंत घालू? दारापासून जिन्यापर्यंत? म्हणजे भाडेकरूला त्याची स्वतंत्र वाट होईल."

"आतून घाला. फक्त जिन्याचा कठडा संरक्षित आहे. त्याला भिंत टेकता कामा नये. आणि तो जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसला पाहिजे."

"आमच्या घरात कोण जाणार-येणार?"

"वारसा सगळ्यांचा असतो," बाई म्हणाल्या, आणि माझ्या मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

मिस्त्रीने टेप लावून माप घेतलं. कठड्याला न टेकता आणि कठडा न झाकता भिंत घालायची, तर ती खोलीच्या मधोमध येत होती. म्हणजे भाडेकरूची वाट बैठकीएवढी झाली असती आणि आमची बैठक वाटेएवढी. "तुम्ही दोघं एकामागे एक बसाल," मिस्त्री म्हणाला. "एकामागे एक," प्लंबर म्हणाला.

मग मेव्हण्याचा फोन आला. आमच्या हिचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे प्रत्येक अडचणीवर तोड असते आणि ती नेहमी दुसऱ्याला जागेवरून उठवणारी असते. "दाजी, सोपं आहे. तुम्ही वर जा, भाडेकरूला खाली ठेवा." फोन ठेवल्यावर मला हे इतकं पटलं, की मी आमची कपाटं वर कशी चढवायची याचा विचार करू लागलो. ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे मग आपण त्यांच्या खोलीतून जायचं."

मी कपाटांचा विचार सोडून दिला.

शेवटी पडदा ठरला. भिंतीला हरकत, पडद्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही. छताला एक दांडी ठोकली, दारापासून जिन्यापर्यंत जाड निळा पडदा सोडला. पडद्याच्या एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला माणूसभर रुंदीची वाट. कठडा पाहायचा असेल त्याने पडदा सारावा. वारसा कार्यालयाच्या बाईंनी 'पडदा ही रचना नाही' असं तोंडी सांगितलं. त्या कार्यालयातून आजवर मला मिळालेलं हे एकमेव होकारार्थी वाक्य.

"पण हे चालतं का, ते आधी पाहिलं पाहिजे," पर्यवेक्षक म्हणाले. "सराव परीक्षा घ्या. मी भाडेकरू होतो."

आम्ही काही म्हणायच्या आत ते घरी जाऊन पिशवी घेऊन आले. त्यांनी दारावर टकटक केली.

"भाडेकरू टकटक करणार नाही," मी आतून ओरडलो. "त्याच्याकडे किल्ली असेल."

"मग किल्ली द्या!"

किल्ली दिली. ते बाहेर गेले, दार लावून घेतलं, उघडून आत आले आणि पडद्यामागून चालू लागले. आम्ही नेहमीसारखं बसायचं असं ठरलं होतं. बसलो. बसल्यावर लक्षात आलं, की नेहमी आपण दोघं काय बोलतो ते काही केल्या आठवत नाही. ही माझ्याकडे बघते आहे, मी हिच्याकडे बघतो आहे, आणि पडद्यामागून पावलं सरकताहेत. पावलं मध्येच थांबली.

"थांबलात का?" मी विचारलं.

"भाडेकरू दमलाय," पडदा म्हणाला. "दिवसभर काम केलंय त्याने."

"चहा घ्याल का?" आमच्या हिने विचारलं.

"अर्धा कप."

"अगं, भाडेकरूला चहा द्यायचा नसतो! तो वर जाऊन स्वतःचा करील!"

"पहिल्या दिवशी तरी देतात," पडदा दुखावल्या आवाजात म्हणाला. "सामान लागलेलं नसतं."

त्या दुपारी पर्यवेक्षकांनी आम्हाला घाईत असलेला भाडेकरू करून दाखवला, सर्दी झालेला भाडेकरू करून दाखवला, आणि घरमालकावर रुसलेला भाडेकरू तर इतका हुबेहूब केला, की मीच पडद्यात डोकं घालून "काय चुकलं आमचं?" म्हणून विचारलं. मिस्त्रीला निरोप गेला असावा. तो आणि प्लंबर आले आणि भाडेकरूचं कपाट म्हणून आमचंच एक टेबल पडद्यामागून वर नेऊन पुन्हा खाली आणलं. ही खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसत होती. प्रयोग संपवून सगळे गेले तेव्हा ती म्हणाली, "उद्या पण करा की." मला वाटलं, चेष्टा करते आहे.

सराव परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावर मी खरे भाडेकरू बोलावले.

इथे घर दाखवण्याच्या माझ्या पद्धतीबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण लोक ती समजून घेत नाहीत. घर दाखवायचं म्हणजे नुसत्या खोल्या दाखवायच्या नसतात. बुवासुद्धा उभे राहिल्याबरोबर कथा सुरू करत नाहीत. आधी नमन, मग पूर्वरंग, त्यात जीवाला चार गोष्टी पटवून द्यायच्या आणि मन तयार झालं की मग आख्यान. मीही आलेल्या माणसाला आधी खाली बसवत असे. ही वस्ती कशी वसली, गल्लीला हे वळण का पडलं, भिंतीचा दगड कुठल्या खाणीतला असावा, त्यावर दोन मतं कशी आहेत, आणि त्यांतलं एक का टिकत नाही. मग घराचे गुण. मग दोषही, कारण खोटं बोलून भाडेकरू मिळवला तर देवापुढे कुठल्या तोंडाने उभं राहायचं? जिन्याची एक पायरी करकरते, हे मी प्रत्येकाला सांगितलं, आणि ती थंडीत कशी करकरते आणि उन्हाळ्यात कशी, हे खाली बसूनच करून दाखवलं. एवढं झालं की मग जिन्याकडे वळायचं.

पण माणसांना दम कुठे आहे? एक जोडपं आलं, त्यांचं मन अजून तयार होत होतं, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "निघू या, बाळ झोपेला आलंय." बाळ बरोबर आणलेलं नव्हतं. दुसरे एक तरुण गृहस्थ खाणीच्या दगडापर्यंत आले आणि फोन कानाला लावून "हो, हो, पोहोचतोच" म्हणत निघाले. तो फोन वाजल्याचं मला ऐकू आलं नाही, माझे कान अजून चांगले आहेत. तिसरे आले ते जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत पोहोचले, पण तिथे मी कठड्याच्या कोरीवकामाकडे त्यांचं लक्ष वेधलं आणि मागे वळून पाहिलं तर पडदा हलत होता.

"दार नाही ना, त्याचा परिणाम," मी हिला म्हणालो. "पडदा शेवटी पडदा आहे. लोकांना बंदिस्तपणा लागतो."

मुलाच्या सुट्टीची तारीख जवळ येत चालली होती. एके दिवशी मी पाहिलं तर माळ्यावरच्या दोन बॅगा खाली आल्या होत्या. झटकून, उघड्या, उन्हात ठेवलेल्या. मी त्यांच्याकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

त्याच संध्याकाळी मी कीर्तनाला निघालो. देवळाच्या पायरीशी गेल्यावर समजलं, की चष्मा घरी राहिला. कीर्तन ऐकायचं असतं हे खरं, पण बुवांचे हातवारे दिसले नाहीत तर अर्धा अर्थ हवेत राहतो. परत फिरलो. किल्लीने दार उघडलं. आत आवाज येत होते. आमच्या हिचा आणि आणखी दोन बायकांचा. पडदा पूर्ण ओढलेला होता आणि मी आपोआपच भाडेकरूच्या वाटेवर उभा होतो.

"...वर जाऊन आलात ना? तेवढंच आहे," ही म्हणत होती.

"एवढ्यात झालं?" एक तरुण आवाज आला. "आम्हाला वाटलं, माहिती सांगतील. आम्ही वेळ काढून आलो होतो."

"माहिती सांगणारे बाहेर गेलेत."

हसण्याचा आवाज आला. मी पुढे टाकलेला पाय मागे घेतला.

"ताई, जागा खरंच चांगली आहे," तोच आवाज म्हणाला. "उजेड बघितलास?"

"हो ना. फक्त वाट तुमच्या खोलीतून आहे, काकू," दुसरा, जरा जाड आवाज. ही थोरली असावी. "आम्ही दोघी येणार-जाणार. तुम्हालाच त्रास."

"ती अडचण तुमची असेल. माझी नाही," आमची ही म्हणाली. तांदळाच्या ताटातले दाणे सारल्याचा आवाज येत होता. "खरं सांगू का? मुलगा गेल्यापासून वर पाऊल वाजत नाही. ह्यांची संध्याकाळ बाहेर. दिवसा घरात असतात, बोलतातही पुष्कळ, पण ते गल्लीचं, दगडाचं, बुवांचं. माझं सगळं ऐकून झालंय. माझा दिवस कसा गेला, ते कुणी विचारत नाही. येता-जाता कुणी नुसतं 'आले हं काकू' म्हणून गेलं, तरी घर भरल्यासारखं वाटेल. नाहीतर मुलाकडे जाऊ. तिथे लिफ्टमध्ये तरी माणसं भेटतात."

मी पडद्यामागे उभा होतो. गुडघ्यांचा इथे काही संबंध नव्हता.

आता माणसाने अशा वेळी एकतर खाकरावं किंवा चोरपावलांनी मागे जावं. मी यातलं काय करावं ते ठरवत असतानाच धाकटीचा आवाज आला, "काकू, पडद्याखाली चपला दिसताहेत."

"ह्यांच्या जुन्या असतील."

"आत पाय आहेत."

मी पडदा सारून बाहेर आलो. पडद्यामागून बाहेर येणाऱ्या माणसाने कसं दिसावं याचा सराव आम्ही घेतला नव्हता. "चष्मा राहिला होता," मी म्हणालो आणि हातातली पिशवी जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवली. हिने माझ्याकडे पाहिलं आणि ताटात मान घातली. तिचे कान लाल झाले होते. माझेही झाले असावेत.

ओळखी झाल्या. दोघी बहिणी. थोरली चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. धाकटी घरीच बसून छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका शोधते. दोघींना माणसांत राहायचं होतं आणि कामाच्या जवळ. मला एकदम उमेद आली. मी माझ्या खुर्चीत बसलो.

"ही गल्ली मुळात—" मी सुरुवात केली.

"अहो," ही म्हणाली.

बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. "आम्ही जरा वर जाऊन बोलून येतो," थोरली म्हणाली. पायरी करकरली. वर कुजबूज झाली. खाली आम्ही दोघं बसलो होतो. कोपऱ्यात बॅगा होत्या, उन्हातून आत घेतलेल्या. मी मनात देवाचं नाव घेतलं. दुसरं काही मागितलं नाही, नुसतं नाव घेतलं. त्याला बाकीचं कळतं.

त्या खाली आल्या. "आम्हाला जागा पसंत आहे," थोरली म्हणाली. "एक अट आहे."

"दाराचं म्हणत असाल तर मी पुन्हा कार्यालयात जातो. त्या बाई आता मला ओळखतात."

"दार नको. पडदा मात्र राहू द्या."

"अर्थातच! तुमचा खासगीपणा आम्ही—"

"आमच्यासाठी नाही हो, काका," धाकटी घाईघाईने म्हणाली. "रागावू नका हं. मला दिवसातून दहा वेळा खाली-वर करावं लागतं. माझं एका ओळीवरून लक्ष उडालं की ती चूक तशीच छापून जाते. आणि तुमची खुर्ची अगदी जिन्यालाच लागून आहे. तुम्ही फार छान बोलता, असं आम्ही गल्लीत शिरल्यापासून सगळे सांगताहेत. समोर एक गृहस्थ हात मागे बांधून उभे होते, ते म्हणाले, 'घर उत्तम आहे, पण खाली बसायला सांगितलं तर बसू नका.'"

पर्यवेक्षक! माझ्या घरचा चहा पिऊन, माझ्याच पडद्यामागे सर्दी झालेला भाडेकरू होऊन!

मी ताठ बसलो. या घरात, या खुर्चीत, मी किती जणांना किती प्रेमाने किती गोष्टी सांगितल्या आहेत. खाणीच्या दगडाचं दुसरं मत तर गल्लीत माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. आणि माझ्याच घरात माझ्यावर पडदा? ओठांवर आलं होतं, की मग तुम्हाला दुसरी जागा शोधावी लागेल. शब्द तयार होते, क्रमही ठरला होता.

पण थोरलीने तोवर पडदा हातात धरला होता. दुकानातल्या सवयीने तिने तो थोडा सरकवला. हिची खुर्ची उघड्यावर आली, माझी झाकली गेली.

"काकू, हे बरं..." तिने पडदा आणखी एक वीत सारला, "...की हे?"

हिने नीट पाहिलं. जिन्याकडे, दाराकडे, बहिणींकडे. "पुन्हा दाखव," म्हणाली. तिने पुन्हा दाखवलं. "आता बघा. आधीचं बरं, की हे?"

"आधीचं," आमची ही म्हणाली. आणि तिच्या तोंडावर जे आलं, ते मी सराव परीक्षेच्या दुपारी पाहिलं होतं, आणि त्याआधी कधी पाहिलं होतं ते आठवेना.

मी उठलो. तयार झालेले शब्द गिळले. त्यांतले काही चांगले होते. मग खुर्ची उचलली आणि स्वतःच्या हातांनी पडद्याच्या आत, हिने पसंत केलेल्या जागेच्याही थोडी पलीकडे नेऊन ठेवली.

"अहो, तिथे उजेड कमी आहे," ही म्हणाली.

"ऐकायला उजेड लागत नाही," मी म्हणालो.

थोरली टेप घेऊन वर मापं घ्यायला गेली. धाकटी तिच्या मागोमाग. कीर्तनाची वेळ उलटून गेली होती. बाहेर गल्लीत हात मागे बांधलेली एक सावली दारापुढून दोनदा गेली, पण मी हाक मारली नाही. निळ्या पडद्याकडे तोंड करून बसलो, आणि थोड्या वेळाने विचारलं, "काय गं, आज तुझा दिवस कसा गेला?"

पलीकडे ताट थांबलं.

"मला विचारताय?"

"हो. तुलाच."

"काही विशेष नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "सकाळी दूधवाला आला ना, तर त्याची मुलगी..." दूधवाल्याच्या मुलीवरून ती तिच्या स्वतःच्या शाळेतल्या मैत्रिणीवर गेली, मैत्रिणीवरून एका निळ्या छत्रीवर, छत्रीवरून आमचं लग्न ठरलं त्या दिवशी तिला मुळात कुठे जायचं होतं त्यावर. हे मला ठाऊक नव्हतं. मध्ये एकदा मला एक दुरुस्ती सुचवावीशी वाटली होती. मी ती सुचवली नाही.

पायरी करकरली. धाकटी टेप गुंडाळत खाली उतरत होती. बोलण्याचा आवाज ऐकून ती जिन्यातच थबकली, सावधपणे कठड्यावरून वाकली, आणि तिला मी दिसलो. गप्प. तिने भुवया उंचावून खुणेने विचारलं, "काय चाललंय?"

मी ओठांवर बोट ठेवलं, आणि खालच्या पायरीवरची माझी पिशवी उचलून तिला बसायला जागा करून दिली.